पश्चिमेची बाजू

टप्प. थोडं थांबून पुन्हा टप्प. मागच्या शेडच्या पत्र्यावर फेजोआ पडायला लागले की आमच्या ऑकलंडमधल्या टाकानिनीत एप्रिल आला म्हणून समजायचं, कॅलेंडर बघायला नको. शेजारचं झाड आमच्या कुंपणावरून वाकलेलं आहे. शेजारी पहिल्याच वर्षी सांगून गेलाय, "तुमच्या बाजूला पडतील ते तुमचे, स्वीट ॲज." त्याच्या बाजूचेही तो पिशवीत भरून दाराशी ठेवतो. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानात, गल्ल्याशेजारी टोपली, ऑफिसच्या पँट्रीत बादली, रस्त्यात फाटकाफाटकावर खोकी. या मोसमात इथे कुणी फेजोआ विकत घेत नाही. देणाऱ्यांचीच गर्दी, घेणारे पळताहेत.

पुण्यातल्या माणसाला फेजोआ समजावणं जरा अवघडच. अंड्याएवढं हिरवं फळ, आडवं कापायचं, चमच्याने कोरून खायचं. वास पेरूचा, पण त्या पेरूला कुणी अननसाचं स्थळ आणावं तसा. माझे बाबा त्याला पेरूचा चुलतभाऊ म्हणायचे.

"आई, देअर आर हीप्स!" ईरा बागेतून ओरडते. माझी लेक, नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. फ्रॉकच्या ओच्यात फळं भरून आणते आणि ओट्यावर ओतते. "यू नेव्हर ईट देम. व्हाय?"

"मला आवडत नाहीत," मी म्हणते. अकरा वर्षं हेच सांगत आलेय, तिला, नवऱ्याला, ऑफिसातल्या सगळ्यांना. खोटं आहे. मला फेजोआ फार आवडतात. पण तो वास आला की मला माझीच लाज वाटते, आणि लाज वाटत असताना घशाखाली काही उतरत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी पामर्स्टन नॉर्थला होते. युनिव्हर्सिटीत म्युझियमचं शिक्षण संपवून गावाबाहेरच्या एका जुन्या घरात कामाला लागले होते. लाकडी दुमजली घर, पांढरं, भोवती ओकची अवाढव्य झाडं, मागे डोंगरावर पवनचक्क्यांची रांग. वारा म्हणजे पश्चिमेचा, बारा महिने, केस विंचरून घराबाहेर पडण्यात काही अर्थच नाही. त्या वाऱ्याला अडवायला घराच्या पश्चिमेला फेजोआची उंच कुंपणझाडी लावलेली. शनिवारी-रविवारी लोक घर बघायला येत. मी त्यांना खोल्या दाखवायची, पलंग दाखवायची, चिनीमातीची भांडी दाखवायची आणि ज्यांनी ते घर बांधवून घेतलं त्या साहेबांची गोष्ट सांगायची.

साहेबांचं नाव इथे लिहीत नाही. घराण्यातली माणसं अजून आहेत, आणि मी त्यांचं पुष्कळ मीठ खाल्लंय. पण त्यांचं चरित्र मला तोंडपाठ आहे, झोपेतून उठवून विचारा. इंग्लंडातल्या हिरव्यागार परगण्यात जन्म, दुसरा मुलगा. थोरला भाऊ घोड्यावरून पडून गेला आणि इस्टेट यांच्या पदरात पडली. मग पार्लमेंट. मतदारसंघ मूठभर लोकांचा, त्यातले निम्मे यांचीच कुळं. कोण कशाला विरोधात जातंय! पार्लमेंटात वर्षानुवर्षं बसले, बोलले क्वचित, कोल्ह्यांच्या शिकारीचा मोसम आला की लंडन सोडून गावी पसार. संधिवात. कुत्र्यांचं वेड. मुलीच्या लग्नात रडले होते म्हणे. आणि आयुष्यभर जे एक भांडण जपलं ते शेजाऱ्याशी: दोन इस्टेटींमधलं झुडपांचं कुंपण हातभर यांच्याकडे सरकलं, एवढ्यावरून खटला. त्या शेजाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, कुंपण कुणी कधी छाटलं, सगळं पत्रांमध्ये लिहून ठेवलंय. मी हे रंगवून सांगायची. लोक हसायचे. खरं सांगते, मला ते म्हातारे साहेब आवडायला लागले होते.

न्यूझीलंडला ते एकदाही आले नाहीत. लंडनच्या कचेरीत बसून नकाशावर जमीन घेतली, धाकट्या मुलासाठी हे घर बांधायला लावलं, बोटीतून ओकची रोपं पाठवली आणि मरेपर्यंत कारभाऱ्याला सूचनांची पत्रं पाठवत राहिले. तो नकाशा आमच्या दिवाणखान्यात काचेआड लावलेला होता. त्याच्या शेजारी नवा फलक लावायचा होता, साहेबांच्या जीवनाचा, आणि तो मी लिहिला होता. माझं पहिलं मोठं काम. विश्वस्तांच्या अध्यक्षा ग्लेनिस वाचून म्हणाल्या, "लव्हली. अगदी लव्हली." नोकरी पक्की करायची की नाही हे मंडळ सोमवारी ठरवणार होतं. नोकरी पक्की तर इथे राहायचा अर्ज. नाही तर विमानाचं तिकीट. इतकं सरळ होतं ते.

आणि त्याच मोसमात बाबा आले.

आई गेल्याचं ते पहिलं वर्ष. भावाने त्यांना पुण्याहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे धाडलं. बाबा म्हणजे निवृत्त भूकरमापक. साताऱ्याकडच्या एका तालुक्यात सगळी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. उन्हाने रापलेला माणूस, आवाज मोठा, कारण पलीकडच्या बांधावरच्या माणसाला ऐकू जायला हवं ना. पामर्स्टन नॉर्थच्या थंडीला माकडटोपी, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि भावाने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट. मी त्यांना फिरायला न्यायची तेव्हा दोन पावलं पुढे चालायची. तेव्हा म्हणायची, मला भरभर चालायची सवय आहे.

घरी एकटे काय करणार, म्हणून कामाला जाताना सोबत न्यायला लागले. तिथे अनाहेरा भेटली. अनाहेरा बागेचं काम बघायची, पगाराशिवाय, आवड म्हणून. तिचे लोक मूळचे इथलेच, घराजवळच्या नदीकाठचे, साहेबांच्या आधीपासूनचे. साठी ओलांडलेली बाई, गमबूट, डोक्यावर विणलेली टोपी. "किया ओरा," ती म्हणाली, तर बाबांनी हात जोडून "नमस्कार" म्हटलं आणि दोघं कामाला लागले. काय बोलायचे देव जाणे. तिने त्यांना शिकवलं की फेजोआ झाडावरून तोडायचा नसतो. हात लावला की आपण होऊन हातात आला तर आपला, नाहीतर पडेल तेव्हा उचलायचा. बाबांना हे फार पटलं. "अनाबाई कायद्याच्या पक्क्या आहेत," मला म्हणाले.

दुपारी ते पश्चिमेच्या झाडीतून बादली भरून यायचे, गुडघ्यांना माती, माकडटोपीत पानं. "इथली माती बघितलीस का? हाताने केलेली आहे ही. वाळू आणून मिसळलीये कुणीतरी, ढिगाने. कशासाठी गं?"

"बाबा, मला काम आहे," मी म्हणाले.

मला माहीत होतं कशासाठी. रताळी पिकवायला. आता ते सांगते, जे इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. फलक लिहिण्यासाठी मी गावातल्या ग्रंथालयात साहेबांची पत्रं वाचली होती. एका पत्रात त्यांनी कारभाऱ्याला लिहिलंय की पश्चिमेला हिनेवाई नावाच्या बाईचा रताळ्यांचा मळा लागून आहे असं तुम्ही कळवलंत. कुंपण घालताना तो आत धरावा, म्हणजे कडा सरळ येईल. बस्स. पुढच्या ओळीत कुत्र्यांची चौकशी. जो माणूस हातभर कुंपणासाठी कोर्टात जातो, त्याने एका बाईचा अख्खा मळा रेघ सरळ यावी म्हणून आत घेतला. मी ते पत्र दोनदा वाचलं. माझे कान तापले. मग मी फाइल बंद केली आणि घरी येऊन फलकावर लिहिलं, "त्या काळी येथे ओसाड दलदल व झुडपे होती."

कुणी मला तसं लिहायला सांगितलं नव्हतं. ग्लेनिसना तर पत्राचा पत्ताही नसेल. माझं मीच ठरवलं की यांना हे आवडणार नाही. आम्हा बाहेरून आलेल्यांना ही एक खोड असते. घरमालकाने काही म्हणायच्या आधीच आपण चपला बाहेर काढून उभे.

मग तो रविवार आला. खुला दिवस, फलकाचं उद्घाटन, साहेबांचे खापरपणतू इंग्लंडहून आलेले. गोरे, उंच, भले गृहस्थ, हातात फेजोआ आणि चमचा कसा धरायचा ते त्यांना कळत नव्हतं. दिवाणखाना माणसांनी भरला होता. चहा, स्कोन, फेजोआची चटणी. मी बाबांना सांगितलं होतं, मागे खुर्चीवर बसा. मी साहेबांचं चरित्र सांगितलं. कुंपणाच्या खटल्यावर सगळे हसले, खापरपणतू सगळ्यांत जास्त. आणि तेवढ्यात माकडटोपी गर्दीतून पुढे आली.

बाबा नकाशासमोर उभे राहिले. चष्मा कपाळावर चढवला, नाक काचेला टेकवलं. मग बोट ठेवलं पूर्वेच्या कडेवर, मान हलवली. दक्षिणेच्या कडेवर. उत्तरेच्या. शेवटी पश्चिमेच्या, तिथे बराच वेळ. आणि वळून, बांधावरच्या आवाजात, मला मराठीत विचारलं:

"चतुःसीमा कुठे आहे याची? शेजारी कोण होते?"

हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं पाऊल. कुणाचीही जमीन मोजायची तर आधी चारी बाजूंच्या लगतदारांना नोटीस जाते. ते येऊन आपापल्या बांधावर उभे राहतात, मगच मोजणी. कागदावर लिहितात: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. लगतदारांशिवाय नकाशा म्हणजे बाबांच्या लेखी नुसतं चित्र. त्यांनी कुणाला टोचायला विचारलं नव्हतं. पत्र त्यांनी वाचलं नव्हतं. पस्तीस वर्षं जे विचारलं तेच विचारलं.

ग्लेनिस हसून म्हणाल्या, "तुझे वडील काय म्हणताहेत?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. दाराजवळ अनाहेरा उभी होती, हातात चटणीच्या बरण्यांचा ट्रे. ती पण माझ्याकडेच बघत होती.

मला माकडटोपीची लाज वाटली. त्या आवाजाची लाज वाटली. सोमवार आठवला. आणि मी इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणताहेत, नकाशा फार सुंदर काढलाय."

सगळ्यांनी कौतुकाने "ऑ" केलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खापरपणतूंनी पुढे येऊन बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. जमिनीचे इंग्रजी कागद वाचण्यात आयुष्य घालवलेला माणूस तो. इथले उच्चार त्यांना कळत नसत, पण माझं इंग्रजी कळत होतं. माझं इंग्रजी त्यांनीच तर सकाळी सहाला उठवून पाठ करून घेतलं होतं. ते खापरपणतूंकडे वळले आणि म्हणाले, "थँक्यू."

ते थँक्यू मी अजून विसरलेले नाही.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "नकाशा सुंदर आहे, असं म्हणालो होय मी?"

"बाबा, प्लीज."

"नाही, आहेच सुंदर. शाई टिकलीये अजून." आणि माकडटोपी काढून मांडीवर घडी करून ठेवली. पुन्हा बाहेर जाताना ती त्यांनी घातलेली मी पाहिली नाही. थंडीत उघड्या डोक्याने फिरले. मी म्हटलं, घाला हो. म्हणाले, "नको, बरं दिसत नाही." अरे देवा! कुठे फेडू मी हे?

नोकरी पक्की झाली. बाबा जूनमध्ये परत गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी विमानाच्या तिकिटाच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने कच्चा नकाशा काढून दिला. पावलांनी मोजलेलं घर, नदी, ओक, फेजोआची झाडी. चारी बाजूंना पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस असं लिहून पुढे रिकाम्या रेघा. "अनाबाईंना ठाऊक असणार. माझ्याने विचारणं झालं नाही, भाषा नाही. तू विचार. त्यांच्याच हातून भरून घे, आपण नाही भरायचं." मी हो म्हटलं. तो कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. पाकीट माझ्याबरोबर ऑकलंडला आलं, टाकानिनीच्या नव्या कोऱ्या घरात आलं. मी अनाहेराला कधीच विचारलं नाही. उरलेले दोन हिवाळे तिथे होते तोवर ती दिसली की मी दुसऱ्या दाराने आत जायची.

ईराच्या शाळेत या मोसमात एक प्रकल्प दिलाय. आपण राहतो त्या जागेत आपल्याआधी कोण राहायचं? सगळ्या मुलांना तोच. आमच्या कॉलनीत तर सगळीच घरं पाच वर्षांच्या आतली. ईरा जेवताना म्हणाली, "आई, यू युज्ड टू डू हिस्ट्री. यू मस्ट नो हू टू आस्क." पत्र्यावर टप्प वाजलं. मी उठून पाकीट काढलं. सुट्टीत गाडी घेऊन दोघी दक्षिणेला निघालो.

घर तसंच आहे. वाराही तसाच. अनाहेरा आता काठी घेऊन चालते, पण बुधवारी येतेच, असं फाटकावरच्या मुलाने सांगितलं. फेजोआच्या झाडीखाली बाकावर बसली होती. मला बघून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. ईराने बादली घेतली आणि झाडीत शिरली. मी बाबांचा कागद अनाहेराच्या मांडीवर ठेवला आणि सांगून टाकलं. त्या दिवशी बाबांनी काय विचारलं होतं, मी काय सांगितलं. ती इंग्रजीत बोलत होती. मी इथे मराठीत लिहितेय, आणि या वेळी भाषांतर नीट करतेय, एवढा विश्वास ठेवा.

"ते मला तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "नकाशाचं कौतुक करणारा माणूस चारही कडांवर बोट ठेवून कुणाला तरी शोधत नाही."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मला विचारलं नव्हतं. तुला विचारलं होतं." तिने पेन्सिल मागितली. "बरा होता तुझा बाप. इथली माती हातात घेऊन वास घ्यायचा."

तिने पूर्वेची रेघ भरली. दक्षिणेला दलदलीत वाम मासे पकडणाऱ्या घराण्याचं नाव लिहिलं. माझी ओसाड दलदल म्हणजे त्यांचं पोट होतं. उत्तर भरली. सावकाश, थांबून, प्रत्येक नाव ओठांत एकदा म्हणून बघत. मग कागद आणि पेन्सिल माझ्याकडे केली.

"पश्चिमेची बाजू तू लिही."

"बाबांनी सांगितलंय, तुझ्याच हातून..."

"त्या पत्रांच्या फाइलवर वाचणाऱ्यांच्या सह्या असतात," अनाहेरा म्हणाली. "माझी आहे. माझ्याखाली तुझी आहे. फलक लागायच्या महिनाभर आधीची. त्या पत्रातली बाई माझ्या आजीची आजी. लिही."

आमच्या पायांखाली तिच्या मळ्याची वाळूमिश्रित माती होती. मी तो कागद बाकावर धरला आणि बाबांच्या रेघेवर, देवनागरीत, हिनेवाई लिहिलं. ईरा बादली घेऊन आली, आमच्याकडे बघत उभी राहिली आणि कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "आई, रडू नको ना."

मग मी आत गेले. फलक तसाच होता, माझं वाक्यही. तिथल्या नव्या अध्यक्षांना अनाहेरासमोर सगळं सांगितलं, पत्राचा क्रमांक लिहून दिला. ते म्हणाले, मंडळापुढे ठेवतो. ठेवतील. अनाहेरा पाठ सोडणारी नाही, आणि आता मीही सोडणार नाही.

कागदाचा फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांना आता ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने बोलतात, म्हणजे पूर्वीसारखंच. संध्याकाळी मोटेलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते तेव्हा त्यांचा फोन आला. मागच्या सीटवर फेजोआची बादली, गाडीभर तो वास.

"मिळाला गं कागद. भरून आला, छान झालं. अनाबाईंना माझा नमस्कार सांग." मग पलीकडे कागद सरकवल्यासारखा आवाज आला. भावाने फोटो छापून दिला असणार, आणि चष्मा कपाळावर गेला असणार. "तीन बाजू बाईंच्या अक्षरात आहेत."

"हो."

"पश्चिमेचं अक्षर तुझं आहे."

मी गाडीची काच खाली केली.

"तुला ठाऊक नसतं तर तीही बाजू बाईंनीच भरली असती. म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं," बाबा म्हणाले. "मी विचारलं तेव्हा. नाव माहीत होतं तुला."

ईरा माझ्याकडे बघत होती.

"हो बाबा," मी म्हणाले. "माहीत होतं."